घाईबाईची खेप

तळेवाल्याचं बोलणं पुरतं व्हायच्या आत तिने हो म्हणून टाकलं होतं.

तो दारात उभा होता, चपला काढू की नको अशा विचारात. सांगत होता की पलीकडचं मोठं तळं यंदा त्याने बदकांसाठी घेतलंय. पिल्लं सगळी एका वयाची हवीत, एकाच वेळी हवीत, थोडी आज आणि थोडी पुढच्या आठवड्यात असं चालायचं नाही.

"जमतील," ती म्हणाली.

"अहो, किती ते तरी ऐका."

"किती?"

त्याने आकडा सांगितला. आजवर तिने एका खेपेला जेवढी अंडी उबवली होती, त्याच्या दुपटीहून तो मोठा होता. आतल्या खोलीत अंडी फिरवत बसलेल्या नणंदेचे हात जागच्या जागी थांबले. अंगणात फळीला रंधा मारत असलेल्या नवऱ्याने मान वर केली.

"जमतील म्हटलं ना," ती म्हणाली. "पण एक सांगा. ही जमली, तर दर हंगामाला माझ्याकडूनच न्याल?"

"नेईन की. मला काय, शहरातला तो मशीनवाला सोयरा लागतो थोडाच? पण नाही जमली, तर मी त्याच्याकडे जाणार, आणि मग पुन्हा या दारात यायचा नाही. आधीच सांगतो."

तो गेला. नवऱ्याने रंधा बाजूला ठेवला, अंगावरचा भुगा झटकला आणि म्हणाला, "विचारायचं तरी एकदा."

"कुणाला?"

"नाही, मी आपलं म्हटलं."

गावात तिचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे तिला घाईबाई म्हणत, आणि तिच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणत. जेवायची ती उभ्याने, केस विंचरायची ते चालता चालता, आणि विहिरीवर तिच्या मागे नंबर लागला तर लोकांना बरं वाटायचं. गंमत अशी की एवढी पायाला भिंगरी असलेल्या बाईने धंदा काढला तो नेमका वाट बघण्याचा. बदकाचं अंडं उबायला महिना घेतं. त्याला कितीही ओरडा, ते एक दिवस अलीकडे येत नाही.

या धंद्यात ती का पडली, हे तिला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "आईकडे शिकले होते, म्हणून." ते अर्धंच खरं. लग्नानंतर चार पावसाळे ती मशीनवाल्याच्या अंडी उबवायच्या कारखान्यात अंडी पुसायला होती. तिथे संध्याकाळी सुटताना फाटकावर सगळ्या बायकांच्या पिशव्या उलट्या करून बघत. एकदा एक अंडं कमी भरलं. राखणदाराने तिला बाजूला घेतलं, पदर झाडायला लावला, डब्याचं झाकण काढायला लावलं, डब्यातला उरलेला भात बोटाने उकरून बघितला. बाकीच्या बायका खाली मान घालून उभ्या होत्या. मग आतून निरोप आला की अंडं सापडलं, खालच्या फळीवर गेलं होतं. राखणदार म्हणाला, "जा." तेवढंच. तो भात तिने रस्त्यात कुत्र्याला घातला आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की आता माझी अंडी माझ्या घरात असतील, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला दुसरं कुणी असणार नाही. आजही तिच्या अंगात जी आग होती ती तिथलीच होती. पैसा काय, आला तर बरंच होतं, पण तिला दुसऱ्याच्या हाताखाली उभं राहायचं नव्हतं.

एवढ्या अंड्यांना जागा हवी म्हणून नवऱ्याची कामाची खोली रिकामी करायची ठरली. म्हणजे तिने ठरवलं. नवरा सुतार, त्याचं अवजड लाकडी बाक खोलीच्या मधोमध वीस वर्षं रुतून बसलेलं. ते दोघा शेजाऱ्यांच्या मदतीने अंगणात निघालं, आणि त्यावर ताडपत्री पडली.

"आता वाऱ्यात काम करायचं का मी?" तो म्हणाला.

"एक खेप. एक खेप झाली की आपण पलीकडे पडवी काढू."

"मागच्या खेपेलाही पडवीच काढत होतो आपण," तो म्हणाला आणि हसला. बिचाऱ्याला हसायची सवय होती, त्यामुळे त्याला कुठे लागलं हे कुणाला कळत नसे.

तिला नेहमी अंडी पुरवणारा बदकवाला पेंढ्यात घालून अंडी घेऊन आला. नणंद-भावजयींनी मिळून एकेक अंडं हातात घेऊन पारखलं, तडकलेली, वेडीवाकडी बाजूला काढली. मग कामाला जुंपल्या. बांबूच्या उंच टोपल्या, त्यांना आतून भुशाचं अस्तर. मोठ्या कढईत भाताचा भुसा परतायचा, तो कापडी पिशव्यांत भरायचा, टोपलीत एक थर गरम पिशवीचा, एक थर अंड्यांचा, पुन्हा पिशवी, पुन्हा अंडी. वरून गोधडी. दिवसातून कितीतरी वेळा सगळं उपसायचं, वरची अंडी खाली, खालची वर, प्रत्येक अंडं हाताने फिरवायचं, गार झालेल्या पिशव्या काढून गरम घालायच्या. टोपल्यांच्या दोन रांगा होत्या, एक दाराकडची पुढची आणि एक भिंतीलगतची मागची. भुशाच्या धुळीने दोघींचे डोळे लाल, नखं काळी, कमरा मोडलेल्या. पाठीचा कणा ताठ करायला उभं राहिलं की गुडघे कुरकुरायचे.

आणि ऊब पुरेशी आहे की नाही, हे कळायला एकच साधन होतं. पापणी. काम करून करून हाताची कातडी जाड होते, तिला नीट कळत नाही. मिटलेल्या डोळ्याच्या पापणीवर अंडं टेकवायचं. ना गार ना गरम, असून नसल्यासारखं वाटलं, की ठीक. गार लागलं तर ऊब वाढवायची, चटका बसला तर काढायची. आईने तिला हे शिकवलं होतं आणि तिने नणंदेला. नणंद शिकली होती. चांगली शिकली होती. पण शेवटचा शब्द घाईबाईचा. नणंदेने अंडं लावून बघितलं, की तिच्या हातातून तेच अंडं घेऊन ही पुन्हा लावून बघायची.

या नणंदेला सगळं गाव ताई म्हणायचं, भावजयसुद्धा. नवऱ्याची थोरली बहीण. काही वर्षांपूर्वी ती सासरहून एक पिशवी घेऊन परत आली आणि ओटीवर बसली. कुणी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. कमी बोलायची, पण बोलली की नेमकं. "तुझी घाई बघून अंड्यांना भीती वाटत असेल," असं एकदा म्हणाली होती, आणि त्यावर घाईबाईला आठवडाभर हसू येत होतं. दोघींचं बरं चाललं होतं, आता खोटं कशाला बोला. फक्त कोण मालकीण आणि कोण नाही, हे दोघींना ठाऊक होतं.

पहिल्या आठवड्यानंतर अंधाऱ्या कोपऱ्यात दिवा लावून अंडी पारखली. दिव्यासमोर धरलं की कवचातून आतलं दिसतं. अंड्यामागून अंडं, आत लाल बारीक शिरा फुटलेल्या, मधे काळा ठिपका, आणि तो ठिपका हलतोय. घाईबाई अंगणात धावत आली.

"अहो, सगळी धरलीत. जवळजवळ सगळी."

"मग आता जरा बस की," नवरा म्हणाला.

"बसते काय? बसायला कुणाला फुरसत आहे."

त्याच आठवड्यात वारा सुटला. गार, कोरडा, फटीफटीतून आत घुसणारा. सुताराची फळी बाहेर वाकडी झाली, त्याची बोटं रंध्यावर ठरेनात. खोलीच्या दाराला पोती लावली, छपराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, तरी गारठा आत यायचाच. कढई आता चुलीवरून खाली उतरेना. घाईबाई कढईपाशी घामाने भिजायची आणि तशीच ओल्या अंगाने बाहेर लाकडं आणायला जायची. नवरा ओरडला, ताई ओरडली. ऐकेल ती घाईबाई कसली.

मग एका दुपारी तिला हुडहुडी भरली. पिशवी भरताना ताईचा हात तिच्या हाताला लागला.

"अगं, तुझं अंग तापलंय."

"कढईपाशी बसल्यावर तापणार नाही तर काय होणार?"

"तसं नाही. भाजतंय."

"ताई, वेळ नाही आपल्याला." तिने पुढच्या रांगेतली गोधडी सारली, अंडं काढलं, डोळा मिटून पापणीला लावलं. "गार आहे. गार पडलंय हे. तुम्ही पिशव्या बदलल्या की नाही?"

"आत्ताच तर बदलल्या. तुझ्या डोळ्यांदेखत."

"मग गार कसं?"

ताईने दुसरं अंडं काढून आपल्या पापणीला लावलं. थोडा वेळ तसंच धरलं. "नाही गं. मला तर जरा जास्तच गरम वाटतंय. एखादी पिशवी काढावी."

"काढावी?" घाईबाईने तेच अंडं हिसकावून घेतलं, लावलं. गारच. तिच्या डोळ्यांपुढे तळेवाला आला, त्याच्या चपला मशीनवाल्याच्या फाटकातून आत जाताना दिसल्या. "प्रत्येक टोपलीत दोन पिशव्या जादा घाला. आत्ता."

"शिजतील ती."

आणि मग घाईबाई जे बोलली ते बोलायला नको होतं. डोकं ठणकत होतं, दात वाजत होते, हे सगळं खरं, पण शब्द तिचेच होते. म्हणाली, "ऊब धरून ठेवायची अक्कल असावी लागते, ताई. तुम्हाला स्वतःचं घर धरून ठेवता आलं नाही, तुम्ही माझी अंडी काय सांभाळणार?"

कढईत भुसा करपत होता, त्याचा वास खोलीभर झाला. दारात लाकडं घेऊन आलेला नवरा तिथेच थबकला. "अगं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. ताईने कढई खाली उतरवली. पदराने हात पुसले.

"दोन म्हणालीस ना?"

"दोन."

"बरं," ताई म्हणाली आणि पिशव्या भरायला बसली.

संध्याकाळपर्यंत घाईबाई उभी राहिनाशी झाली. नवऱ्याने तिला जवळजवळ उचलून खाटेवर टाकलं, डॉक्टरला बोलावून आणलं. डॉक्टरने सुई दिली, झोपून राहा म्हणाला. ती झोपली म्हणता? खाटेवरून तिचा कारभार चालू. "ताई, पुढच्या रांगेतलं एक अंडं आणा." ताई आणायची. ही पापणीला लावायची. गार. "अजून एक पिशवी." ताई अंडं घेऊन परत जायची. नवरा म्हणाला, "आता तिच्यावर सोपव की दोन दिवस," तर ती उठून भिंतीला धरत धरत स्वतः खोलीत गेली, पुढच्या रांगेत कोपरापर्यंत हात घातला, अंडं लावून बघितलं आणि तिथेच रडायला लागली, की सगळी गार पडताहेत आणि कुणाला काही पडलेलं नाही. दुसरा दिवसही असाच गेला. तिला वाटत होतं आपण एकटी ओढतोय आणि बाकीचे गाडीत बसलेत.

तिसऱ्या दिवशी पहाटे ताप उतरला. घामाने लुगडं पिळून काढावं इतकं ओलं. अंग हलकं, तोंड कडू. सगळे झोपलेले होते. ती उठली ती थेट खोलीत. पुढच्या रांगेतलं अंडं काढलं, डोळा मिटला, टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

चटका बसला होता.

तिला वाटलं, हे एकच असेल. दुसरं काढलं. तिसऱ्या टोपलीतलं काढलं. दुसऱ्या डोळ्याला लावलं. मग तिने हळूच आपल्या कपाळाला हात लावला. गार, ओलं कपाळ. आणि तशीच ती जमिनीवर बसली. अंडी गार पडलीच नव्हती. पापणी पेटलेली होती. पेटलेल्या पापणीला चांगलं उबदार अंडं गारच लागणार. एवढी साधी गोष्ट, पोरालाही कळावी, आणि ती चांगली दोन दिवस भुसा ओतत राहिली होती.

तिने हाक मारली नाही, तरी तिच्या पिशव्या उपसण्याच्या आवाजाने दोघं आली. पोत्यांचा पडदा ओढून दिवा लावला. पहिलं अंडं धरलं. शिरा नव्हत्या, आत एक तपकिरी कडं आणि गढूळ पाणी. दुसरं तसंच. नवरा एकेक अंडं हातात देत होता आणि ती धरत होती, बाजूला ठेवत होती, धरत होती. तिचा हात थांबेना. जणू पुढच्या अंड्यात काहीतरी वेगळं निघेल.

"सगळी?" नवऱ्याने विचारलं.

तिने पुढच्या अंड्यासाठी हात पुढे केला.

"ही बघ," ताई म्हणाली. ती भिंतीलगतच्या रांगेपाशी उभी होती. तिच्या हातातलं अंडं घेऊन घाईबाईने दिव्यासमोर धरलं. आत काळं, भरलेलं, आणि कडेला काहीतरी हललं. पुन्हा हललं. तिने ते पापणीला लावलं. ना गार ना गरम.

"यांत जादा पिशव्या नव्हत्या?"

"होत्या. मी काढल्या."

"कधी?"

"तू घालायला सांगितल्यास, त्याच संध्याकाळी."

आता कुणालाही वाटेल की तिने नणंदेचे पाय धरले असतील. तसं काही झालं नाही. पहिला आला तो राग. "मला न विचारता?"

"विचारलं होतं तुला," ताई म्हणाली.

नवरा मधे पडणार होता, पण तसाच थांबला. तो अंड्यांकडे बघत राहिला.

"मग पुढच्या रांगेतल्या का नाही काढल्या?" घाईबाईचा आवाज चिरकला. "एवढं कळत होतं तर?"

"पुढच्या रांगेत तुझा हात रोज होता. तुला कळलं असतं." ताईने गोधडी सारखी केली. मग म्हणाली, "आणि राग होता. खोटं सांगत नाही. शिजताहेत हे मला कळत होतं. म्हटलं, शिजू देत तिची."

असं कुणी तोंडावर कबूल केलं तर माणसाने करावं तरी काय? घाईबाईला तिला मारावंसंही वाटलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडावंसंही वाटलं. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. मेलेली अंडी पाटीत भरायला लागली.

नवऱ्याने ती घरामागे खोल खड्डा करून पुरली. तरी वास यायचा तो आलाच. विहिरीवर बायकांनी नाकाला पदर लावले, आणि एकीने विचारलं, "काय घाईबाई, यंदा पिल्लं शिजवूनच देणार का तळेवाल्याला?" एरवी तिने तिथल्या तिथे परतफेड केली असती. त्या दिवशी घागर भरली आणि निघून आली.

उरलेले दिवस दोघी एका खोलीत शेजारी शेजारी काम करत होत्या. अंडी आता टोपल्यांतून काढून सपाट बिछान्यावर पसरली होती, वर गोधड्या. या टप्प्याला अंड्यांची स्वतःचीच ऊब पुरते, कधी गोधडी सारायची, कधी पांघरायची, एवढंच बघायचं. घाईबाई अंडं उचलायची, पापणीपर्यंत न्यायची, आणि तिथे तिचा हात अडखळायचा. स्वतःच्या पापणीवर तिचा भरवसा राहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचंच खरं वाटेना, आणि ही तगमग ताप परवडला अशी होती. ती ताईकडे बघायची. ताई आपलं अंडं लावून गोधडी सारायची किंवा सारायची नाही, आणि ही तसंच करायची.

एकदा ती म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी घराचं बोलले..."

"अंडी फिरव," ताई म्हणाली.

मग एका सकाळी बिछान्यातून चोचींचा आवाज सुरू झाला. कवचाला आधी टाचणीएवढा तडा, मग भोक, मग ओलं, थकलेलं पिवळं काहीतरी मान टाकून बाहेर. दोघींनी जिवाचं रान केलं. पिल्लं सुकवली, नवऱ्याने वारा लागणार नाही अशी खोकी करून ठेवली होती त्यांत ठेवली. चिवचिवाटाने घर डोक्यावर घेतलं. निम्मीही नव्हती ती, पण होती ती ठणठणीत होती.

ठरल्याप्रमाणे तळेवाला आला. खोक्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "बाकीची?"

"बाकीची नाहीत," घाईबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"एवढीच आहेत."

"हे बघा बाई, मी आधीच सांगितलं होतं." तो वळलाच. त्याचं चुकत होतं असं नाही, त्याने तळं घेतलं होतं, त्याचाही जीव टांगणीला होता.

"पिल्लं हातात घेऊन तरी बघा," ताई आतून म्हणाली. ती दारात आली. "मग जा."

त्याने तिच्याकडे बघितलं. तिला त्याने आजवर नीट बघितलंही नव्हतं. खाली बसून एक पिल्लू उचललं, उलटं केलं, पोट बघितलं, पाय ओढून बघितले. दुसरं उचललं. ते त्याच्या बोटावर चोच मारायला लागलं. "मशीनची इतकी टणक नसतात," तो नाइलाजाने म्हणाला. "बाकीची कशाने गेली? थंडीने?"

थंडीने. शब्द आयता पुढ्यात ठेवला होता त्याने. वारा सगळ्यांनी बघितला होता, कुणी शंका घेतली नसती. नवऱ्याने तर मान हलवायला सुरुवातही केली होती. घाईबाईने तोंड उघडलं. ताई तिच्याकडे बघत नव्हती, पिल्लांकडे बघत होती.

"थंडीने नाही," ती म्हणाली. "मला ताप होता. माझ्या पापणीला सगळं गार लागत होतं. मी ऊब वाढवत गेले आणि अंडी शिजली."

"आणि ही कशी वाचली?"

"यांनी वाचवली. माझं न ऐकता."

तळेवाला उभा राहिला. गुडघ्यावरचा भुसा झटकला. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. "ही मी नेतो. उरलेली यंदा मशीनवाल्याकडून घ्यावी लागतील, माझा इलाज नाही. पण पुढच्या हंगामाचं बोलायचं झालं, तर मी बोलायचं कुणाशी?"

नवरा खोक्याची दोरी बांधत होता, त्याचे हात थांबले. घाईबाईच्या ओठांवर "माझ्याशी" आलेलंच होतं. इतकी वर्षं तोच एक शब्द मिळवायला तिने हाडाची काडं केली होती.

"माझ्याशी," ताई म्हणाली.

तळेवाल्याने घाईबाईकडे बघितलं. तिने एक खोकं त्याच्याकडे सरकवलं. मग त्याने खोकी उचलली.

गाडी गेल्यावर अंगणात तिघंच राहिली. ताई बाकाच्या कडेला टेकली. "निम्मं," ती म्हणाली.

"निम्मं कशाचं?"

"सगळ्याचं. टोपल्या, खोली, पिल्लं. पुढच्या खेपेपासून निम्मं माझं."

"निम्मं?" घाईबाईच्या अंगात लगेच जुनी घाईबाई जागी झाली. "अंडीवाले मी जोडले, गिऱ्हाईक मी जोडलं. तिसरा हिस्सा घ्या."

"निम्मं."

"अहो ताई, तिसऱ्या हिश्श्यात काय वाईट आहे? राहायला घर आहे, खायला आहे..."

"तळ्यापलीकडे एक खोली रिकामी आहे," ताई म्हणाली. "मालकाशी बोलून ठेवलंय. टोपल्या हा करून देईल." तिने भावाकडे बघितलं. भावाने हातात उरलेल्या दोरीला गाठ मारली आणि पुन्हा सोडली.

"खोली? कधी बघितलीत?"

"तू मला घराचं बोललीस ना. त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ही आता खरंच जाईल, तिला कुणी अडवू शकणार नाही, हे घाईबाईला कळलं, कारण कारखान्याच्या फाटकातून अशी गेलेली बाई तिला चांगली ठाऊक होती. आणि ताईपुढे आपण त्या फाटकावरच्या राखणदाराच्या जागी उभ्या आहोत, हेही कळलं. तिला स्वतःची लाज वाटली. अशी लाज तिला फाटकावरही वाटली नव्हती.

"निम्मं," ती म्हणाली. "आणि ताई, ते मी फार वाईट बोलले."

"बोललीस खरी." ताई उठली. "निम्मं ठरलं, पण अजून एक आहे. ऊब बघायची ती मी. तू मधे हात घालायचा नाहीस. पटत नसेल तर आत्ताच सांग."

अंगणाच्या कडेला बदकवाला पेंढ्याच्या पाट्या उतरवायला लागला होता. नव्या खेपेची अंडी. घाईबाईने सवयीने दोन पावलं त्याच्याकडे टाकली, आणि थांबली. तिथेच उभी राहून तिने हातांची बोटं एकमेकांत गुंतवली, सोडवली, पदराला पुसली. नवरा बघत होता. इतका वेळ एका जागी उभी राहिलेली त्याने तिला कधी बघितली नव्हती.

मग ती वळली.

"कुठून सुरू करू?" तिने ताईला विचारलं.